पंगतीचा धडा : शाळेतील भोजनाचा इतिहास

शाळेचा इतिहास सहसा इमारती, निकाल आणि पारितोषिके यांच्या आधारे लिहिला जातो. मधल्या सुट्टीत मुलांच्या पोटात काय पडले, याची नोंद क्वचितच होते. वास्तविक रिकाम्या पोटी बसलेल्या मुलापुढे उत्तमोत्तम पाठही निष्फळ ठरतो. परंतु हे व्यवस्थेला उमगण्यास मोठा काळ लागला.

या विचाराचा एक महत्त्वाचा आरंभ मद्रासमध्ये झाला. १९२० मध्ये पी. त्यागराय चेट्टी यांच्या अध्यक्षतेखालील मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत अल्पोपाहार सुरू केला. खर्चाची मर्यादा होती दर विद्यार्थ्यामागे दिवसाला एक आणा. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून हा खर्च करण्यास ब्रिटिश सरकारने मनाई केली आणि १९२५ मध्ये योजना थांबली. अन्न हा शिक्षणाचा भाग मानावा की दानधर्माचा, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. पुढे १९५६ मध्ये के. कामराज यांनी आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला कृतीने उत्तर दिले.

त्याच सुमारास दुर्ग जिल्ह्याचे रूप पालटत होते. १९५५ मध्ये पोलाद कारखान्याचा करार झाला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. १९५६ पर्यंत हा जिल्हा ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर. त्यामुळे मराठी कुटुंबांना हा मुलूख परका नव्हता. भिलाई-३ आणि चरोदा परिसरात कारखाना व रेल्वे यांच्या आधाराने वस्ती वाढली. मराठी मुलाच्या डब्यात पोळी-भाजी असे. शेजारचे छत्तीसगढी मूल पाण्यात भिजवलेल्या भाताची बासी आणि लाल भाजी खाऊन घरून निघे. आहार निराळे असले, तरी भूक एकच होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. पण अनेक राज्यांत शिजवलेल्या अन्नाऐवजी दरमहा तीन किलो धान्य दिले जाई. ते घरातील सर्वांत वाटले जाई आणि मुलाच्या वाट्याला थोडेच येई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच भोजन देण्याचा आदेश दिला. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने आणि वर्षातून किमान २०० दिवस, असे त्याचे माप होते. पुढे हे माप प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे वाढले. ताटातील डाळ व भाजी यांचेही प्रमाण ठरले.

छत्तीसगढमध्ये अनेक शाळांतील स्वयंपाकाची धुरा महिला स्वसहायता समूहांनी उचलली. २००३ मध्ये ज्याँ द्रेझ आणि अपराजिता गोयल यांनी छत्तीसगढ, राजस्थान व कर्नाटक या तीन राज्यांतील ८१ शाळांची पाहणी केली. पहिलीतील पटसंख्या, विशेषतः मुलींची, वाढल्याचे तीत दिसले. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत बसू लागली, हा लाभ तर कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळाला नसता. मात्र दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न नाकारणारे पालकही काही ठिकाणी होते. जे मूल सहज शिकते, ते शिकण्यास मोठ्यांना वेळ लागतो.

२०१९ मध्ये छत्तीसगढमध्ये अंड्यांवरून वाद उठला. प्रथिनांची गरज खरी होती आणि शाकाहारी कुटुंबांची श्रद्धाही खरी होती. पालकांशी विचारविनिमय करावा आणि न खाणाऱ्यांना पर्याय द्यावा, असा मार्ग निघाला. पोषणाचा प्रश्न केवळ उष्मांकांचा नसतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

आज संकटाचे स्वरूप बदलले आहे. भुकेच्या जोडीला पाकिटबंद, खारट व गोड खाऊ आला आहे. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई केली. पण डब्यात काय भरावे, हे कोणताही नियम ठरवू शकत नाही. ते घरीच ठरते. शिवाय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत गेलेल्या मुलाची भूक मात्र त्याच वर्षी वाढते. मुनगा, चेच भाजी, कोदो, ज्वारीची भाकरी आणि मोड आलेली मटकी हे या मातीचे व मराठी घरांचे समाईक धन आहे. माजी विद्यार्थी आणि पालक यांनी ते पुन्हा डब्यात आणले, तर एका आण्यापासून सुरू झालेला हा धडा पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल.