किती आवळायचं?

नट आवळणं हे गॅरेजमधलं सगळ्यात हलकं काम समजलं जातं. उमेदवारीला आलेल्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी रिंग पाना येतो, आणि ‘फिट कर’ एवढ्यावर त्याचं या विषयातलं शिक्षण बहुधा संपतं. प्रत्यक्षात यंत्रशास्त्र, घर्षणशास्त्र, धातुशास्त्र आणि मापनशास्त्र त्या एका नटापाशी येऊन भेटतात. बोल्टच्या सांध्यांचं गणित कसं मांडावं, एवढ्यासाठी जर्मन इंजिनिअरांच्या संघटनेने ‘व्हीडीआय 2230’ ही सविस्तर मार्गदर्शिका काढली आहे. मोटारदुरुस्तीत टॉर्क पाना कधी वापरायचा, हा या पुस्तकाचा विषय त्या मानाने लहान. पण त्यात शिरण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. पान्याच्या टोकाला लावलेलं बल गुणिले नटाच्या मध्यापासूनचं अंतर, असा त्याचा साधा हिशेब, एकक न्यूटन-मीटर. मात्र आपल्याला खरा हवा असतो तो टॉर्क नव्हेच. नट फिरला की बोल्ट किंचित ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट मूळ लांबीला यायला बघतो म्हणून दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात. हवा असतो हा ताण. तो थेट मोजायला गॅरेजमध्ये सोय नसते, म्हणून आपण टॉर्क मोजतो आणि त्यावरून ताणाचा अंदाज बांधतो. या अंदाजातली गोम अशी, की लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांतल्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. कोरड्या, स्वच्छ आट्यांच्या 12 मिलिमीटर बोल्टला 100 न्यूटन-मीटर दिले, तर सुमारे चार टनांचा दाब मिळतो. त्याच आट्यांना तेल लागलेलं असेल तर घर्षण घटतं आणि तेवढ्याच टॉर्कमध्ये ताण तिसऱ्या हिश्श्याने सहज वाढतो. गंज किंवा माती असेल तर उलट. टॉर्क पाना मात्र लावलेला आकडा गाठताच दोन्ही वेळा तितक्याच इमानदारीने ‘कट्’ असा आवाज करतो.

घर्षणाला नुसता खलनायक ठरवायचंही कारण नाही. नट जागेवर राहतो तो त्याच्याच जिवावर. आडव्या कंपनांनी दोन भाग एकमेकांवर सरकू लागले की आट्यांतली पकड सुटते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो, हे गेरहार्ड युंकर यांनी 1969 साली प्रयोगाने दाखवलं. त्यावरचा खरा इलाजही पुरेसा ताण हाच: भाग सरकलेच नाहीत, तर नट सुटत नाही.

आता जुन्या मिस्त्रींच्या हाताबद्दल. ‘माझा हातच टॉर्क पाना आहे’ हे वाक्य ऐकून हसण्यासारखं काही नाही. रिंग पाने बनवणारेच लहान मापाचा पाना आखूड आणि मोठ्या मापाचा लांब ठेवतात. त्यामुळे सरासरी माणसाच्या ओढीत बोल्ट बेताचाच आवळला जातो. त्यात वर्षानुवर्षांची सवय मिसळली की बंपरचे, पत्र्याचे, ब्रॅकेटचे बोल्ट त्या हाताने अगदी ठीक बसतात. तिथे टॉर्क पाना काढून बसणं म्हणजे उगाच वेळ घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हात दमतो, पाना बदलतो, संध्याकाळी गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहतं. जिथे चूक महाग पडते तिथे हातावर विसंबू नये. अशा जागा ओळखणं हाच या विद्येचा गाभा.

अ‍ॅल्युमिनियमचे आटे ही पहिली जागा. ऑइल चेंबरचा ड्रेन प्लग एकदा जास्त पिळला की चेंबरचे आटे जातात, आणि तेल बदलण्याच्या किरकोळ कामाचं मोठं बिल होतं. 14 मिलिमीटरचा, वॉशर असलेला स्पार्क प्लग अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये 25 ते 30 न्यूटन-मीटरवर बसवतात. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यायचा, असं प्लग बनवणारेच सांगतात. हा काही अडाणी जुगाड नव्हे. किती फेरा दिला यावरून किती दाब आला, हे कळतं. मध्ये घर्षणाची लुडबूड कमी.

हेच तत्त्व हेड बोल्टमध्ये पुरं उतरलेलं दिसतं. पुष्कळ आजच्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये शेवटचा टॉर्क दिलेलाच नसतो. आधी, समजा, 40 न्यूटन-मीटर, मग 90 अंश, मग पुन्हा 90 अंश, असा क्रम असतो. पहिला टप्पा फक्त सगळे बोल्ट सारखे टेकवण्यासाठी. पुढचा प्रत्येक पाव फेरा, आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर असेल तर, बोल्टला पावणेचार दशांश मिलिमीटर पुढे नेतो, आणि त्यातूनच बोल्ट ताणला जातो व गॅसकेट दबतं. अनेक इंजिनांत हा ताण मुद्दाम धातूच्या लवचिकतेच्या हद्दीपलीकडे नेलेला असतो. असा बोल्ट कायमचा लांबतो, म्हणून मॅन्युअल नवा घ्यायला सांगत असेल तर जुना परत घालू नये. आवळायचं मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, दिलेल्या क्रमाने. बोल्टच्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असेल तर बोल्ट पुरता बसण्याआधीच टॉर्क दिसतो. दाबाखाली ब्लॉक तडकल्याचीही उदाहरणं आहेत. बेअरिंग कॅप, कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील यांचे बोल्ट याच पंगतीतले.

मग चाकं. लहान-मध्यम मोटारींच्या चाकांचे नट साधारण 85 ते 120 न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात. सत्तर किलोचा माणूस 30 सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला तर उभ्या-उभ्याच 200 च्या वर जातो. उडी मारली तर विचारायलाच नको. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत महत्त्वाचे सांधे आवळताना टॉर्क आणि कोन नोंदवणारी यंत्रं वापरतात. तीच गाडी पुढे हायवेवरच्या टायरच्या दुकानात इम्पॅक्ट गनच्या तावडीत सापडते. तिथला हल्लीचा प्रकार तर फारच फसवा आहे. आधी गनने कचकचून आवळायचं आणि मग गिऱ्हाइकासमोर टॉर्क पाना लावून ‘कट्-कट्’ ऐकवायचं. नट 200 वर बसलेला असला तरी 100 वर लावलेला पाना जागच्या जागी वाजणारच. कमी आवळलेलं तो पकडतो, जास्त आवळलेलं त्याला कळत नाही. गनने नट नुसते टेकवायचे, चाक जमिनीला लागलं की समोरासमोरच्या क्रमाने पान्याने पुरे करायचे. अलॉय चाकं असतील तर 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

टॉर्क पान्याच्या शोधाचं श्रेय सहसा कॉनरॅड बार यांना देतात. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात असताना, 1918 च्या सुमारास, जमिनीखालच्या नळांचे बोल्ट जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून त्यांनी तो बनवला. म्हणजे त्याचा जन्मच ‘पुरे’ म्हणण्यासाठी झाला. हल्लीचा क्लिकचा पाना नाजूक असतो: त्याने बोल्ट सोडवू नये, पहिल्या आवाजाला थांबावं, काम झालं की स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. वर्षातून एकदा किंवा 5000 वेळा वापरल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घेतात. पल्ल्याच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात त्याच्यावर भरवसा ठेवू नये. लहान बोल्टसाठी वेगळा लहान पाना घ्यावा.

पुढच्या पानांतले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॉडेलच्या, इंजिनाच्या आणि वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या, आणि एकक नीट वाचा: 10 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 98 न्यूटन-मीटर, पण 100 फूट-पाउंड म्हणजे 136.