नाताळच्या भेटीचं पुस्तक

अठराव्या शतकात लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात पुस्तकांची दुकानं दाटीवाटीनं उभी होती. १७४५ मध्ये जॉन न्यूबेरी या विक्रेत्यानं तिथं आपलं दुकान थाटलं. तो दोन वस्तू विकायचा, पुस्तकं आणि औषधं. तापावरची डॉ. जेम्स यांची पूड हा त्याचा खपाचा माल. मुलांना नाताळात पुस्तक भेट देण्याच्या रिवाजाचा माग काढत मागं गेलं, की माणूस या दुकानाशी येऊन थांबतो.

न्यूबेरीनं १७४४ मध्येच 'अ लिट्ल प्रिटी पॉकेट-बुक' काढलं होतं. किंमत सहा पेन्स. वर दोन पेन्स दिले, तर मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्या टोचायची छोटी गादी मिळे. दोन्हींची एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी टोचायची, वाईट वागलं की काळ्या. दहाही टाचण्या लालवर आल्या तर बक्षीस म्हणून एक पेनी, काळ्यावर आल्या तर छडी. पुस्तकात अक्षरओळख होती, खेळांवरच्या कविता होत्या आणि प्रत्येक खेळाच्या शेपटाला एखादा बोध जोडलेला होता. हसवता हसवता शिकवायचं, हे न्यूबेरीनं पुस्तकाच्या आरंभीच लॅटिनमध्ये छापून टाकलं होतं. या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज शिल्लक नाही. मुलांनी ती हाताळून, चुरगळून संपवली असणार, आणि मला तरी ही त्या पुस्तकाला मिळालेली सर्वांत मोठी पावती वाटते.

चेंडू कशासाठी होता, हे पाहिलं तर या धंद्याचं मर्म कळतं. मुलांच्या पुस्तकाचा ग्राहक एक आणि वाचक दुसरा. पैसे आईबाप, मामा, आत्या देणार, वाचणार मूल. त्यामुळे टाचण्यांचा हिशेब आईबापांसाठी आणि चेंडू मुलासाठी, अशी दोघांची सोय एकाच पुस्तकात लावायची होती. पुढच्या पावणेतीनशे वर्षांत मुलांची जी पुस्तकं भेट म्हणून विकली गेली, त्या सगळ्यांना ही ओढाताण चुकली नाही.

नाताळही न्यूबेरीनं लवकर हेरला. इंग्लंडमध्ये नाताळाच्या सुमारास नोकरांना आणि उमेदवारांना 'ख्रिसमस बॉक्स', म्हणजे बक्षिसी द्यायची चाल होती. नववर्षाच्या भेटी तर त्याहून जुन्या. १७५० च्या सुमारास त्यानं 'नर्स ट्रूलव्ह' या काल्पनिक दाईच्या नावानं 'ख्रिसमस बॉक्स' आणि 'न्यू इयर्स गिफ्ट' अशी चिमुकली पुस्तकं काढली. पुस्तक फुकट, फक्त बांधणीचे पैसे द्यायचे. नक्षीदार, फुलाफुलांचा 'डच' कागद वरून लावलेला. एका जाहिरातीत तर त्यानं जाहीर केलं, की १ जानेवारीला आपण नवी सोनेरी पुस्तकं काढणार आहोत. शहाण्या मुलांनी दुकानात येऊन ती न्यावीत, खोड्या करणाऱ्यांना काही मिळणार नाही. भेट आणि वागणूक यांची गाठ नाताळाशी इतकी घट्ट बसली, ती अशा जाहिरातींनीही. विक्रेता म्हणून तो किती पक्का होता, हे त्याच्या 'गुडी टू-शूज' (१७६५) या गोष्टीत दिसतं. नायिकेचा बाप तापानं मरतो, कारण त्या गावात डॉ. जेम्स यांची पूड मिळत नसते.

अटलांटिकच्या पलीकडे मात्र नाताळालाच आडकाठी होती. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांना हा सण म्हणजे उनाडपणा आणि मद्यपानाचं निमित्त वाटे. १६५९ मध्ये त्यांनी तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. कायदा गेला तरी मनातली अढी बरीच वर्षं राहिली. अशा समाजात दुकानातून आणलेली पहिली भेटवस्तू म्हणून पुस्तक सहज आत शिरू शकलं. पुस्तकावर खर्च केला तर चैन केली असं कोणी म्हणत नव्हतं. वूस्टर गावचा मुद्रक आयझाया टॉमस यानं १७८० च्या दशकात न्यूबेरीची पुस्तकं तिकडे पुन्हा छापून विकली. १८२१ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम गिली यानं 'द चिल्ड्रन्स फ्रेंड' हे छोटं रंगीत पुस्तक काढलं. रेनडिअरच्या घसरगाडीतून येणारा सांताक्लॉज पहिल्यांदा छापलेला दिसतो तो इथं, आणि त्याच्या गाडीला एकच रेनडिअर आहे. या सांताची आवडनिवड ठरलेली आहे. आईचे कान किटवणारे ढोल नकोत, बहिणींना घाबरवणाऱ्या तलवारी नकोत, डोळे फोडणारे फटाके नकोत. त्यापेक्षा ज्ञान देणारी सुंदर पुस्तकं बरी. आणि न ऐकणाऱ्यांसाठी बर्च झाडाची छडी. म्हणजे सांताक्लॉज चित्रात अवतरला तोच पुस्तकांची शिफारस करत. हातात छडी मात्र न्यूबेरीचीच.

जर्मनीत नाताळ आणि मुलं यांचं नातं अधिक घरगुती होतं. ग्रिम बंधूंच्या लोककथांचा पहिला खंड १८१२ च्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर बाहेर आला. पण तो विद्वानांच्या टिपांनी जड झालेला होता आणि त्यात चित्रं नव्हती. लंडनमध्ये १८२३ साली याच कथांचं इंग्रजी भाषांतर जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांसह निघालं आणि हातोहात खपलं. ते पाहून ग्रिमांनी १८२५ च्या नाताळासाठी पन्नास निवडक गोष्टींची छोटी आवृत्ती काढली. धाकट्या भावाची, लुडविग एमिलची, सात चित्रं त्यात होती. 'ग्रिमच्या परीकथा' घराघरांत गेल्या त्या या छोट्या पुस्तकामुळे, मूळ दोन खंडांमुळे नव्हे.

या कुळकथेतला माझा सर्वांत आवडता माणूस फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइनरिश हॉफमान. १८४४ च्या डिसेंबरात तो आपल्या तीन वर्षांच्या कार्लसाठी चित्रांचं पुस्तक शोधत दुकानं धुंडाळत होता. त्याला मिळाल्या त्या लांबलचक गोष्टी, उपदेशानं भरलेल्या, मुलांनी खरं बोलावं आणि स्वच्छ राहावं असं सांगणाऱ्या. तीन वर्षांच्या पोराला यातलं काय कळणार? घरी परतताना त्यानं एक कोरी वही आणली आणि बायकोला सांगितलं की पुस्तक मिळालं. मग त्यानं ती वही स्वतःच्या गोष्टींनी आणि चित्रांनी भरली. ही कला त्याला रोग्यांनी शिकवली होती. त्या काळी मुलांना डॉक्टरची भीती घालत, त्यामुळे लहान रोगी त्याला पाहताच रडायचे, हात लावू द्यायचे नाहीत. हॉफमान खिशातून कागद काढायचा, एक पोरगा भराभर रेखाटायचा, त्याची गोष्ट सांगायचा. मूल गप्प व्हायचं, आणि तेवढ्यात नाडी तपासून व्हायची.

वहीत सूप नको म्हणत काडीसारखा झालेला कास्पर होता. काड्यापेटीशी खेळून जळालेली पाउलिने आणि जेवताना खुर्चीत झुलणारा फिलिप पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत आले. वहीच्या शेवटी एक पान कोरं उरलं, तिथं त्यानं नखं आणि केस वाढवलेला, विस्कटलेला पोरगा काढला. तोच 'श्ट्रुवेलपेटर'. मित्रांच्या आग्रहानं १८४५ मध्ये हे पुस्तक छापलं गेलं. हॉफमाननं छपाईवर डोळा ठेवला, आपली साधी चित्रं शिळाछापवाल्यानं 'सुधारून' सुंदर करू नयेत म्हणून. पुस्तक स्वस्त ठेवावं आणि फार टिकाऊ दिसू नये, असाही त्याचा आग्रह होता. मुलांची पुस्तकं नुसती वाचायला नसतात, फाडायलाही असतात, असं त्याचं मत. आजच्या पालकांना यातल्या शिक्षा क्रूर वाटतात आणि तो आक्षेप रास्तच आहे. तरी बाजारात जे होतं ते सोडून डॉक्टरनं समोरच्या एका मुलाकडे पाहिलं, ही गोष्ट त्या आक्षेपानं पुसली जात नाही. मार्क ट्वेन १८९१ साली बर्लिनमध्ये राहत होता. त्यानं आपल्या मुलींना नाताळची भेट म्हणून हेच पुस्तक इंग्रजीत उतरवलं. ते भाषांतर छापून आलं १९३५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

इंग्लंडमध्ये तोवर नाताळ हा पुस्तकबाजाराचा हंगाम बनला होता. जर्मनीहून आलेल्या रुडॉल्फ आकरमाननं १८२२ मध्ये 'फर्गेट मी नॉट' हे वार्षिक काढून या हंगामाला रूप दिलं. अशा वार्षिकांत सजवलेलं पान असे आणि त्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव लिहायला जागा कोरी सोडलेली असे. पुस्तक शरदात निघे, पण त्यावर पुढच्या वर्षाचा सन घालत, म्हणजे ते नव्या वर्षातही शिळं वाटू नये. १९ डिसेंबर १८४३ ला डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' निघालं आणि नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या सहा हजार प्रती संपल्या. १८७८ पासून रँडॉल्फ कॉल्डकॉट दर नाताळाला दोन चित्रपुस्तकं देऊ लागला. एडमंड इव्हान्स ती लाकडी ठशांवरून रंगीत छापायचा आणि एक शिलिंगला ती मिळत. सोळा पुस्तकांनंतर, १८८६ मध्ये, कॉल्डकॉट वारला.

या हंगामी गर्दीतही ज्या दोन पुस्तकांनी पुढची शतकं व्यापली, ती मुळात विक्रीसाठी लिहिलेली नव्हतीच. ल्यूइस कॅरलनं १८६२ च्या जुलैत नावेतून जाताना सांगितलेली गोष्ट अ‍ॅलिस लिडेल या मुलीनं लिहून मागितली. त्यानं ती स्वतःच्या अक्षरात उतरवली, ३७ चित्रं काढली आणि २६ नोव्हेंबर १८६४ ला तिच्या हाती दिली. ती नाताळची भेट असल्याचं त्यानं अर्पणपत्रिकेतच लिहिलं होतं. ती वही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. दुसरी बिअ‍ॅट्रिक्स पॉटर. 'पीटर रॅबिट' प्रकाशकांनी नाकारल्यावर तिनं १९०१ च्या डिसेंबरात स्वतःच्या खर्चानं त्याच्या २५० प्रती छापल्या. त्याच नाताळाला फ्रेडा मूर या मुलीसाठी तिनं एक नवी गोष्ट वहीत लिहून काढली, सोबत बारा जलरंगचित्रं. फ्रेडा आजारी होती आणि तिला परीकथा आवडत. नाताळाच्या सकाळी नगराध्यक्षाला हवा असलेला कोट शिंप्याकडून पुरा होत नाही, तो उंदीर रात्रीतून शिवून देतात, अशी ती गोष्ट. पुढे 'द टेलर ऑफ ग्लॉस्टर' म्हणून ती छापली गेली.

अमेरिकेत विसाव्या शतकात प्रश्न उलटा झाला. मुलांची पुस्तकं फक्त नाताळातच विकली जातात, एरवी दुकानदार ती मागं सारून ठेवतात, ही खंत घेऊन संपादक फ्रेडरिक मेल्चर, बॉय स्काउट्सचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या अ‍ॅन कॅरल मूर यांनी १९१९ मध्ये बालपुस्तक सप्ताह सुरू केला. गंमत अशी की तो ठेवला नोव्हेंबरात, म्हणजे पुन्हा नाताळाच्या दारातच! मेल्चरच्याच सूचनेवरून १९२२ पासून अमेरिकेतल्या उत्तम बालपुस्तकाला न्यूबेरीच्या नावाचं पदक मिळू लागलं आणि १९३८ पासून चित्रपुस्तकाला कॉल्डकॉटच्या नावाचं. यामुळे पालकांना जाणकारांची शिफारस हाताशी आली, हे फार मोठं काम झालं. पण शिफारशीलाही मर्यादा असते. मार्गारेट वाइज ब्राउनचं 'गुडनाइट मून' (१९४७) मूर यांना रुचलं नाही आणि त्यांच्या लायब्ररीनं ते १९७२ पर्यंत ठेवलं नाही. तोवर असंख्य अमेरिकन मुलं ते ऐकत झोपी गेली होती. तिकडे आइसलँडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयात वस्तूंवर बंधनं होती, कागद त्या मानानं मिळत होता. त्यातून पुस्तक हीच नाताळची भेट ठरली, आणि १९४४ पासून नव्या पुस्तकांची यादी तिथं घरोघर जाऊ लागली.

आपल्याकडे या रिवाजाची एक फांदी दिवाळीत उगवली. इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांपासून स्फूर्ती घेऊन काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, असं मानलं जातं. त्याआधी तीन वर्षं वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी 'आनंद' सुरू केलं होतं. पुढे बालभारतीचं 'किशोर' १९७१ मध्ये आलं. मोठ्यांच्या दिवाळी अंकांबरोबर घरात मुलांचा स्वतंत्र दिवाळी अंक येतो, तो याच वाटेनं. वर्षातून एकदा सणाला नवं वाचायला मिळावं, हा दोन्हीकडचा समान धागा.

तेव्हा यंदा डिसेंबरात, किंवा त्याआधी दिवाळीत, एखाद्या मुलासाठी पुस्तक निवडायला जाल तेव्हा पुरस्कारांच्या याद्या जरूर पाहा, पण दुकानात शिरण्याआधी त्या मुलाचं नाव मनात ठेवा. ते हल्ली कशाबद्दल प्रश्न विचारतं, कुठल्या गोष्टीला हसतं, कुठल्या गोष्टीला घाबरतं, हे आठवा. दोन पानं तिथंच उभं राहून मोठ्यानं वाचून बघा. शक्य असेल तर मुलालाच बरोबर न्या आणि त्यानं उचललेलं पुस्तक परत ठेवायला लावू नका. पहिल्या पानावर त्याचं नाव आणि तारीख आपल्या हातानं लिहा, आणि पुढच्या महिन्यात ते पुस्तक फाटलेलं दिसलं तर रागावू नका.