पोवाडा आणि राष्ट्रभावना

राष्ट्राचा इतिहास बखरींतून लिहिला जातो. परंतु लोकांच्या अंतःकरणात तो रुजतो गीतांच्या द्वारेच. महाराष्ट्रात हे कार्य पोवाड्याने केले.

१६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. त्या प्रसंगावर अज्ञानदासाने पोवाडा रचिला. १६७० साली तानाजी मालुसरे यांनी प्राण वेचून सिंहगड मिळविला. ती कथा तुळशीदासाने गायिली. एकाने राजाचा पराक्रम वर्णिला, तर दुसऱ्याने राजाच्या सेवकाचा. स्वराज्य हे एकट्या राजाचे नसून त्यासाठी देह ठेवणाऱ्या प्रत्येकाचे आहे, ही जाणीव डफतुणतुण्याच्या साथीने निरक्षर श्रोत्यांपर्यंतही पोचली. पुढे १७६१ च्या पानिपतावरही पोवाडे झाले. घरोघरची माणसे त्या रणात पडली होती. सामाईक दुःखानेही समाज एक होतो, हे त्या गीतांवरून ध्यानी येते.

१८१८ साली पेशवाई बुडाली, तरी डफ मुका झाला नाही. १८६९ साली जोतीराव फुले यांनी शिवरायांवर पोवाडा रचून त्यांचे रयतेशी असलेले नाते पुढे मांडिले. १८९१ साली ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी जुने पोवाडे संग्रहरूपाने छापून रक्षिले. विसाव्या शतकात सावरकरांचे सिंहगड व बाजीप्रभू यांवरील पोवाडे इंग्रज सरकारने जप्त केले. शस्त्रसज्ज सत्तेस गीताचे भय वाटावे, यातच गीताचे सामर्थ्य दिसते.

श्रवणकीर्तनाने जशी ईश्वरभक्ती वाढते, तशीच देशभक्तीही वाढते. कीर्तनकाराची वीणा आणि शाहिराचा डफ ही दोन्ही लोकशिक्षणाचीच साधने होत.