गोठित छेद परीक्षा, मेंदूच्या शस्त्रक्रियेतील

शस्त्रक्रिया चालू असतानाच काढलेला ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या–पेशींच्या–समूहाचा) तुकडा गोठवून, त्याचे पातळ छेद घेऊन व ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या पद्धतीस ‘गोठित छेद परीक्षा’ म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवावा लागतो व त्यास एक किंवा अधिक दिवस लागतात. गोठविल्याने ऊतकातील पाणीच कठीण होऊन मेणाचे काम करते व उत्तर सु. २० मिनिटांत मिळू शकते. मेंदूच्या बाबतीत या मिनिटांना विशेष महत्त्व आहे. अन्य अनेक अवयवांत अर्बुदाभोवतीचा (गाठीभोवतीचा) बराचसा निरोगी भागही काढून टाकता येतो. मेंदूत तसे केल्यास वाचा, दृष्टी किंवा हालचाल कायमची गमावण्याचा धोका असतो. म्हणून गाठ काढावयाची की केवळ नमुना घेऊन थांबावयाचे, हे कवटी उघडी असतानाच ठरवावे लागते.

या पद्धतीचा आरंभ मेंदूवरील शस्त्रक्रियेत झालेला नाही. १८९१ मध्ये बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हेन्री वेल्च यांनी विल्यम स्ट्यूअर्ट हॉलस्टेड यांच्या एका शस्त्रक्रियेच्या वेळी स्तनातील अर्बुदाचा तुकडा कार्बन डाय-ऑक्साइडाने गोठवून तपासला. परंतु छेद तयार होईपर्यंत शस्त्रक्रिया संपली होती. तेथीलच टॉमस कलेन यांनी १८९५ मध्ये फॉर्मॅलिनचा उपयोग करणारी पद्धती प्रसिद्ध केली. मेयो क्लिनिकमधील लुईस विल्सन यांनी १९०५ मध्ये ताज्या ऊतकाचे गोठित छेद मिथिलीन ब्ल्यू या रंजकाने रंगवून काही मिनिटांतच निदान करून दाखविले व या परीक्षेस शस्त्रक्रियागृहात स्थान मिळाले.

मेंदूच्या ऊतकाने मात्र अडचण निर्माण केली. त्यात पाण्याचे प्रमाण अधिक असते (करड्या द्रव्यात सु. ८०%) आणि अर्बुदाभोवती सूज असल्यास ते आणखी वाढते. सावकाश गोठविल्यास बर्फाचे मोठे स्फटिक बनतात. त्यांमुळे ऊतकास भोके पडतात व कोशिकाकेंद्रे वेडीवाकडी दिसतात. यावर उपाय म्हणून न गोठविता तपासण्याचा मार्ग पुढे आला. पर्सिव्हल बेली व हार्व्ही कुशिंग यांनी १९२६ मध्ये ग्लायोमांचे (तंत्रिका कोशिकांना आधार देणाऱ्या कोशिकांपासून उद्‌भवणाऱ्या अर्बुदांचे) वर्गीकरण केल्यानंतर अर्बुदाचा प्रकार जाणण्याची निकड वाढली. लुईझ आयझेनहार्ट व कुशिंग यांनी १९३० मध्ये ताज्या कोशिका जिवंतपणीच रंगवून तपासण्याची पद्धती प्रसिद्ध केली. १९३७ मध्ये डॉरथी रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुकडा दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून पसरविण्याच्या पद्धतीचे वर्णन केले. मऊ ऊतकास ती विशेष सोयीची असल्याने आजही गोठित छेदाच्या जोडीने वापरली जाते.

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रम-लांग व मॉगेन्सन यांनी १९३८ मध्ये थंड पेटीत छेदक यंत्र बसविले. यातूनच क्रायोस्टॅट हे उपकरण विकसित झाले. त्यात सु. −२०° से. तापमानास ५ ते १० मायक्रोमीटर जाडीचे छेद घेतात. तुकडा अतिशीघ्र गोठविल्यास स्फटिक लहान राहतात.

परीक्षेचा निष्कर्ष शस्त्रक्रियेची दिशा बदलू शकतो. लसीकार्बुद (लिंफोमा) आढळल्यास औषधे व प्रारण यांवर मुख्य भिस्त असल्याने बहुधा गाठ पूर्ण काढण्याचा खटाटोप करीत नाहीत. जंतुसंसर्ग आढळल्यास काही भाग जंतुसंवर्धनासाठी पाठवितात. तथापि हे निदान तात्पुरतेच असते. ऑलिगोडेंड्रोग्लायोमातील केंद्राभोवतीचे स्वच्छ वलय मेणातील छेदात दिसते, गोठित छेदात दिसत नाही. सौम्य ग्लायोमा व मेंदूची केवळ प्रतिक्रिया यांतील भेदही अवघड असतो. म्हणून नमुन्याचा काही भाग न गोठविता नेहमीच्या परीक्षेसाठी राखून ठेवणे आवश्यक असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ व २०२१ च्या वर्गीकरणांत जनुकीय बदलांस निदानात स्थान मिळाले. ते गोठित छेदात केवळ डोळ्यांनी दिसत नाहीत. २०२० मध्ये रामन प्रकीर्णनावर आधारित, न गोठविता व न रंगविता प्रतिमा घेऊन संगणकाद्वारे निदान करण्याची पद्धती प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये शस्त्रक्रिया चालू असताना डीएनएवरून अर्बुदाचा प्रकार ओळखण्याचे प्रयोग नेदर्लंड्समध्ये झाले. साधने बदलली, तरी वेल्च यांच्यापुढील प्रश्न तोच राहिला आहे : उत्तर अचूक तर हवेच, पण ते शस्त्रक्रिया संपण्यापूर्वी हाती आले पाहिजे.