परवाना नाकारल्यानंतर

३० जानेवारी १९५६ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घराच्या ओसरीवर बाँब टाकण्यात आला. पत्नी कोरेटा व तान्ही मुलगी घरातच होत्या. बस-बहिष्काराच्या या नेत्याने त्यानंतर मोटारीत बंदूक बाळगण्याचा परवाना मागितला. शेरीफच्या कचेरीने तो नाकारला. ‘स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम’मध्ये (१९५८) किंग यांनी स्वतःच हे नोंदवले आहे.

अहिंसा ही निःशस्त्राची अगतिकता होय, असा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह आम्हांलाही झाला होता. परंतु घरात एक शस्त्र होतेच. कोरेटांशी कित्येक दिवस विचारविनिमय करून त्यांनी तेही दूर केले. परवाना नाकारणे सत्तेच्या हाती होते, जवळचे शस्त्र टाकणे त्यांच्या. त्यांच्या अहिंसेचा आरंभ आम्ही या दुसऱ्या कृतीत पाहतो.