तळटीप : लोडमास्टर

* लोडमास्टर : लष्करी मालवाहू विमानातला माल, त्याची बांधणी आणि समतोल सांभाळणारा कर्मचारी. इंजिन निकामी होऊन उंची टिकेना, तर वैमानिकाच्या हुकमाने मागचा रॅम्प उघडून माल खाली सोडणे हे त्याचे काम. आधी स्वतःला पट्ट्याने विमानाला बांधायचे, मगच मालाचे बंध सोडायचे. माल मागे सरकला की गुरुत्वमध्यही सरकतो आणि विमानाचे नाक वर उचलते. एक प्रसंग मात्र वेगळा होता. ४ एप्रिल १९७५ रोजी सायगॉनहून अनाथ मुलांना घेऊन निघालेल्या अमेरिकी सी-५ए विमानाच्या मागच्या दाराची कुलपे निसटली, दार उडून गेले, शेपटीकडच्या नियंत्रणाच्या तारा तुटल्या. तिथे टाकून देण्याजोगे ओझे नव्हतेच. होती ती मुले. – संपादक