दूरच्या हाकेची वर्दी : डीएक्स क्लस्टरचा इतिहास

सरकारी परवाना आणि स्वतःचे कॉलसाइन, म्हणजे ओळखसंकेत, घेऊन, कोणत्याही आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता, बिनतारी यंत्रणेवरून जगभरच्या समछंदींशी संपर्क साधणाऱ्यांना ‘हॅम’ म्हणतात, आणि त्यांच्या या छंदात दूरच्या केंद्राशी झालेल्या संपर्काला पहिल्यापासून विशेष मान आहे. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिका यांच्यातील हौशी केंद्रांनी अटलांटिक महासागर ओलांडून प्रथमच दुतर्फा संभाषण केले आणि व्यापारी कंपन्यांनी निरुपयोगी ठरवलेल्या लघुलहरी हजारो मैल जाऊ शकतात हे सिद्ध झाले. भूपृष्ठापासून सुमारे शंभर ते काहीशे किलोमीटर उंचीवर असलेला विद्युत्‌भारित वायूंचा थर, म्हणजे आयनांबर, या लहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवतो. मात्र तो सूर्याच्या स्थितीप्रमाणे क्षणोक्षणी बदलत असल्याने कोणता मार्ग केव्हा उघडेल आणि केव्हा मिटेल याची खात्री कोणालाच देता येत नाही. दूरच्या संपर्काला हॅमच्या बोलीत ‘डीएक्स’ म्हणतात. अशा संपर्काची संधी कोठे आली आहे याची वर्दी एकमेकांना देण्यासाठी उभ्या राहिलेल्या संगणकीय जाळ्याला ‘डीएक्स क्लस्टर’ हे नाव मिळाले.

वर्दीची गरज इतकी तीव्र का झाली हे समजण्यासाठी १९३५ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी क्लिंटन डिसोटो यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या ‘क्यूएसटी’ मासिकात, ‘देश’ म्हणून नेमके काय मोजायचे याची पद्धत मांडली, आणि तिच्या आधारे १९३७ पासून शंभर देशांशी संपर्क केल्याबद्दल ‘डीएक्ससीसी’ हे मानपत्र दिले जाऊ लागले. अशा ‘देशां’च्या यादीत स्वतंत्र राष्ट्रांबरोबर दूरची बेटे आणि मुख्य भूमीपासून तुटलेले प्रदेशही धरले जातात, त्यामुळे आज तिच्यात ३४० नोंदी आहेत. त्यांपैकी कित्येक ठिकाणी एकही हॅम राहत नाही. वर्षानुवर्षांनी एखादी मोहीम तेथे पोहोचते, आठ-पंधरा दिवस प्रक्षेपण करते आणि परत येते. ज्याला त्या दिवसांत ते केंद्र सापडले नाही त्याला पुढच्या मोहिमेपर्यंत दहा-वीस वर्षे थांबावे लागण्याची शक्यता असते.

संगणकापूर्वीच्या काळात या संधीचा माग काढण्याचे साधन म्हणजे मुख्यतः स्वतःचा कान. ग्राहीची, म्हणजे रिसीव्हरची, खुंटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत, गर्दीखाली दबलेला क्षीण आवाज ओळखणे हे कसब होते आणि ते कमवायला वर्षे लागत. त्याला पूरक म्हणून छापील पत्रके निघत. इंग्लंडमधील जेफ वॉट्स हे केवळ श्रोते होते, स्वतः प्रक्षेपण करत नव्हते. तरीही १९६२ मध्ये त्यांनी सुरू केलेले ‘डीएक्स न्यूज-शीट’ हे साप्ताहिक पत्रक देशोदेशीच्या हॅमना दुर्मीळ केंद्रांची आगाऊ बातमी पुरवत असे, आणि बेटांवरील संपर्क मोजण्याची ‘आयोटा’ ही योजनाही त्यांनीच १९६४ मध्ये मांडली. परंतु टपालाने येणारे पत्रक मोहिमेची तारीख सांगू शके. या क्षणी ते केंद्र कोणत्या कंप्रतेवर ऐकू येते आहे, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. ती उणीव दूरध्वनीच्या साखळ्यांनी भरून काढली : एकाने दोघांना कळवायचे, त्या दोघांनी आणखी चौघांना, मग रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. पुढे डोंगरावर बसवलेल्या रिपीटरमुळे, म्हणजे स्थानिक आवाज पकडून अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या यंत्रामुळे, एका शहरातील हॅम एकमेकांना तोंडी वर्दी देऊ लागले. या दोन्ही व्यवस्थांची मर्यादा एकच होती, ती म्हणजे वर्दी मिळणे हे ओळखीवर आणि त्या वेळी जागे असण्यावर अवलंबून राही.

ही मर्यादा मोडण्याचे साधन ‘पॅकेट रेडिओ’ने दिले. संगणकावरील मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागायचा, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे कॉलसाइन व चूक तपासण्याचा अंक घालायचा, तुकडा पोहोचल्याची पावती न आल्यास तो पुन्हा पाठवायचा, अशी ही पद्धत आहे. कॅनडातील हॅमनी १९७८ मध्ये मॉन्ट्रियल येथे तिचे पहिले प्रयोग केले आणि व्हँकूवरच्या गटाने त्यासाठी लागणारे ‘टर्मिनल नोड कंट्रोलर’ हे उपकरण घडवले. अमेरिकेत १९८० मध्ये अनुमती मिळाल्यावर ॲरिझोना राज्यातील टुसॉन येथील हॅमनी ते उपकरण सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने स्वस्तात उपलब्ध करून दिले, तर १९८४ मध्ये ‘एएक्स.२५’ या समान नियमावलीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाल्याने निरनिराळी यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. वेग सेकंदाला अवघे १२०० बिट इतकाच होता.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ईशान्य भागातील डिक न्यूवेल यांनी या पायावर ‘पॅकेटक्लस्टर’ ही आज्ञावली उभारली. एका हॅमच्या घरी किंवा टेकडीवर एक साधा वैयक्तिक संगणक, त्याला जोडलेले टर्मिनल नोड कंट्रोलर आणि रेडिओ, असे मिळून एक ‘नोड’ होई. परिसरातील हॅम आपापल्या रेडिओवरून त्याला जोडले जात, आणि नोड सांभाळणाऱ्याला ‘सिसॉप’ म्हणत. कोणीही दुर्मीळ केंद्र ऐकले की एका ओळीची आज्ञा लिहायचा, आणि ती ओळ ठरावीक साच्यात सर्वांच्या पडद्यावर उमटे : कळवणाऱ्याचे कॉलसाइन, किलोहर्ट्‌झमधील कंप्रता, ऐकलेल्या केंद्राचे कॉलसाइन, छोटा शेरा आणि जागतिक प्रमाणवेळ. या एका ओळीला ‘स्पॉट’ म्हणतात. आधीचे स्पॉट पुन्हा पाहणे, दुसऱ्या जोडलेल्या हॅमशी खासगी बोलणे, आयनांबराचा अंदाज बांधण्यासाठी सौर प्रारणाचे व भूचुंबकीय हालचालींचे आकडे मागवणे, याही सोयी त्यात होत्या.

या व्यवस्थेच्या साधेपणामागे किती ओढाताण होती हे आज सहज ध्यानात येत नाही. एएक्स.२५ च्या नियमानुसार प्रत्येक जोडलेल्या सदस्याला मजकूर स्वतंत्रपणे पाठवून त्याची पावती घ्यावी लागे, म्हणजे वीस जण जोडलेले असतील तर एकच स्पॉट त्याच कंप्रतेवर वीस वेळा पाठवला जाई, आणि त्यात डोंगरामागच्या दोन केंद्रांना परस्परांचे प्रक्षेपण ऐकू न आल्याने त्यांचे तुकडे एकमेकांवर आदळले तर सगळे पुन्हा करावे लागे. उत्तम संकेत मिळणाऱ्याला वर्दी लगेच पोहोचे, दरीत राहणाऱ्याला ती पुष्कळ उशिरा पोहोचे. एवढे असूनही हॅमनी ती आवडीने स्वीकारली, कारण ज्या घटनेची वर्दी द्यायची तीच मुळात काही मिनिटांची असे. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यावर असलेल्या दोन दूरच्या ठिकाणांमध्ये खालच्या कंप्रतांवर थोडा वेळ उत्तम मार्ग उघडतो. डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंडमधला सूर्योदय आणि महाराष्ट्रातला सूर्यास्त यांत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून पुण्या-मुंबईचा क्षीण संकेत बॉस्टनला ऐकू येण्याची वेळ अर्ध्या-पाऊण तासात येऊन जाते. त्या अवधीत दूरध्वनीची साखळी फिरेपर्यंत मार्ग मिटलेला असे. क्लस्टरची ओळ मात्र वेळेत पोहोचू शके.

एक नोड दुसऱ्याला रेडिओने जोडून शेजारची शहरे, मग राज्ये, मग युरोपातील देश या जाळ्यात आले. नोडची जोडणी शाखांच्या रूपात ठेवावी लागे, कारण चुकून वर्तुळ तयार झाले तर तोच स्पॉट गोल फिरत राहून सगळे जाळे तुंबे. म्हणून कोणता नोड कोणाला जोडायचा याविषयी सिसॉपमध्ये सतत वाटाघाटी चालत. १९९० च्या दशकात इंटरनेट घराघरांत आले आणि नोडना जोडणारे क्षीण रेडिओ दुवे हळूहळू मागे पडले. इंग्लंडचे डर्क कूपमन यांनी १९९८ मध्ये ‘डीएक्सस्पायडर’ ही मुक्त आज्ञावली लिहायला घेतली. ती जुन्या पॅकेटक्लस्टरची भाषा समजत होती, दुहेरी आलेले स्पॉट ओळखून गाळत होती आणि सर्वसामान्य संगणकावर विनामूल्य चालत होती. फिनलंडमधील रेडिओ आर्काला या गटाने ‘डीएक्स समिट’ उभारून जगभरचे स्पॉट कोणालाही वाचता येतील असे केले. सुरुवातीला एका परिसरात फिरणारी वर्दी आता काही सेकंदांत पृथ्वीभर जाऊ लागली.

या विस्ताराची किंमतही होती, आणि ती लहान नव्हती. दुर्मीळ केंद्राची कंप्रता एकदा पडद्यावर उमटली की शेकडो हॅम त्याच क्षणी त्याला हाका मारू लागत. अशा गर्दीला ‘पाइलअप’ म्हणतात. पूर्वी ज्याने केंद्र शोधले त्याला निदान थोडा निवांत वेळ मिळे, तो आता संपला. कॉलसाइनमधला एक अंक किंवा एक अक्षर चुकीचे ऐकून कळवले गेले की ती चूक हजारो नोंदवह्यांत जशीच्या तशी उतरू लागली, कारण पुष्कळांनी स्वतः ऐकून खात्री करण्याचे सोडून पडद्यावर विश्वास टाकला. शिवाय बहुतेक नोडवर कोणीही कोणतेही कॉलसाइन लिहून प्रवेश करू शकत असे. परस्पर विश्वासावर उभ्या असलेल्या या जाळ्यात खोटे स्पॉट आणि मुद्दाम केलेला उपद्रव शिरायला दार उघडेच होते.

सर्वांत खोल वाद स्पर्धांच्या क्षेत्रात झाला. शनिवार-रविवारचे ४८ तास अखंड चालणाऱ्या ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’सारख्या स्पर्धेत एकट्याने केंद्र चालवणाऱ्याचा कस त्याच्या श्रवणशक्तीवर लागतो, इतर शेकडो जणांचे कान त्याच्या मदतीला आले तर तो एकटा कसा मानायचा, असा प्रश्न उपस्थित झाला. आयोजकांनी क्लस्टरवर बंदी घातली नाही. त्यांनी साहाय्य घेणाऱ्या एकल स्पर्धकांसाठी वेगळा गट निर्माण केला आणि अनेक स्पर्धांत स्वतःच स्वतःचा स्पॉट टाकण्यास मनाई केली. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण त्यामुळे जुने कसब आणि नवे साधन या दोहोंना आपापल्या जागी मान मिळाला.

भारताचा या इतिहासाशी असलेला संबंध प्रामुख्याने त्याच्या बेटांमुळे आहे. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे डीएक्ससीसीच्या यादीत मुख्य भारताहून वेगळे मोजले जातात, आणि सुरक्षेच्या कारणाने तेथे हौशी प्रक्षेपणाला क्वचितच परवानगी मिळत असल्याने ते दीर्घकाळ जगातील अत्यंत दुर्मीळ ठिकाणांत गणले गेले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने पोर्ट ब्लेअरहून ‘व्हीयू४आरबीआय’ हे केंद्र सुरू झाले, तेव्हा देशोदेशीचे हॅम क्लस्टरवर त्याची वाट पाहत बसले होते. २६ डिसेंबरच्या त्सुनामीने बेटांचा संपर्क तुटला आणि त्याच चमूने छंद बाजूला ठेवून आपले रेडिओ मदतकार्याच्या निरोपांसाठी वापरले. जगाशी गप्पा मारण्यासाठी नेलेली यंत्रे त्या आठवड्यात हरवलेल्या माणसांची विचारपूस वाहून नेत होती, ही घटना हौशी रेडिओच्या साऱ्या इतिहासात आदराने नोंदवण्याजोगी आहे. त्यानंतर डिसेंबर २००६ आणि जानेवारी २००७ मध्ये लक्षद्वीपवर मोहिमा झाल्या.

२००८ मध्ये वर्दीच्या स्वरूपात मूलगामी बदल घडला. ॲलेक्स शोव्कोप्ल्यास यांची ‘सीडब्ल्यू स्किमर’ ही आज्ञावली रुंद पट्ट्यातील शेकडो मोर्स संकेत एकाच वेळी वाचू लागली, आणि तिच्या आधारे त्याच वर्षी ‘रिव्हर्स बीकन नेटवर्क’ उभे राहिले. नेहमीच्या बीकनमध्ये एक केंद्र ठरावीक संकेत सोडते आणि ते कोठपर्यंत ऐकू येते हे श्रोत्यांनी पाहायचे असते. येथे उलट, ठिकठिकाणचे ग्राही आपण कोणाला, किती तीव्रतेने आणि मोर्सच्या कोणत्या वेगाने ऐकले हे आपोआप जाहीर करतात. स्पर्धेच्या दिवसांत असे लाखो स्पॉट जमा होतात. फिलिप ग्लॅडस्टोन यांच्या ‘पीएसके रिपोर्टर’ने हेच काम अंकीय पद्धतींसाठी केले, आणि २०१७ मध्ये आलेल्या ‘एफटी८’ या पद्धतीमुळे त्याचा पसारा फार वाढला. यंत्राच्या वर्दीत आळस नाही, मत्सर नाही, आणि मोजमाप असल्याने ती आयनांबराच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडते. पण जो माणूस रात्री जागून एक क्षीण हाक ओळखतो आणि ती इतरांनाही मिळावी म्हणून एक ओळ लिहितो, त्याच्या कृतीतले औदार्य यंत्राला साधत नाही.

या जाळ्याची नाडी अजूनही ग्राहीच्या संख्येत आणि स्थानात आहे. युरोप आणि उत्तर अमेरिका येथे स्वयंचलित ग्राही दाटीवाटीने आहेत, दक्षिण आशियात ते फार विरळ आहेत. परिणामी हिंदी महासागरावरून आणि आपल्या आकाशातून जाणारे मार्ग केव्हा उघडतात याची नोंद अपुरी राहते. कोकणच्या किनाऱ्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा विदर्भातल्या शांत गावी राहणाऱ्या परवानाधारक हॅमनी एक साधा ग्राही आणि एक तारेची अँटेना यासाठी राखून ठेवावी, आणि जे ऐकू येते ते जगाला कळवावे.